उरवाहीची दरी कोणत्या खात्यात?

कुठली जागा माणसाच्या थकलेल्या मनाला किती विसावा देते, हे मोजायची खटपट मानसशास्त्रज्ञ गेली चाळीसेक वर्षं करताहेत. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका इस्पितळाच्या जुन्या नोंदी तपासून दाखवलं, की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. २००८ साली मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी मिशिगनमध्ये लोकांना आकडे उलट क्रमाने म्हणायला लावले, मग एका खेपेला झाडीतून आणि दुसऱ्या खेपेला भर शहरातून पन्नासेक मिनिटं चालवलं. झाडीतून आल्यावर आकडे जास्त जमले. (आपलं सामायिक ४८ मिनिटांचं. हा योगायोगच, पण मला गंमत वाटली.)

झाडी आणि शहर, दोनच खाती. मग ग्वाल्हेरच्या किल्ल्याखालची उरवाहीची दरी कुठे घालायची? तिच्या कड्यात पंधराव्या शतकात, तोमर राजे डूंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळात, तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या गेल्या. सर्वांत उंच मूर्ती सुमारे ५७ फूट.

१५२८ मध्ये बाबर इथे आला. बाबरनाम्यात त्याने आपल्या तब्येतीची नोंद अगदी मोकळेपणी केलीय: कान दुखत होता, रात्री अफू घेतली, दुसऱ्या दिवशी उलट्या झाल्या, तरी मानसिंहाचे महाल पाहून आला. बागेतली लाल कण्हेर त्याला एवढी आवडली, की ती त्याने आग्र्याला नेली. फुलांनी बरं वाटणारा माणूस होता तो. उरवाहीबद्दलही लिहितो, की जागा वाईट नाही, खोट आहे ती मूर्तींची. आणि त्या फोडायचा हुकूम देतो.

म्हणजे कडा तोच, सावली तीच. ज्यामुळे एकाचं मन विटलं, त्याच्यासाठीच दुसरे तिथे जात. बर्मनच्या आकड्यांत हे कुठे पकडणार? जागेला गुण देताना बघणाराही मोजावा लागतो, आणि बाबराने निदान स्वतःला तरी लपवलं नाही.

पुढे जैनांनी काही मूर्तींना चुन्याची नवी डोकी बसवली. दगडाशी रंग जुळत नाही, चेहरेही जरा भोळेच. आता त्याच रस्त्याने मोटारी किल्ल्यावर चढतात नि वळणावर हॉर्न देतात. बायका तरीही तिथेच टेकतात, त्या भोळ्या चेहऱ्यांसमोर.