पत्रकाच्या तळाची ओळ

परतूरमध्ये निवडणुकीची जुनी हस्तपत्रके गोळा करताना मी मथळ्याआधी तळाची बारीक ओळ वाचतो: मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता. ही ओळ रिवाज म्हणून छापलेली नसते, ती कायद्याने लागते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये कलम १२७क १९६१ साली आले. प्रकाशकाने ओळखीच्या दोघांच्या साक्षीने सही केलेले प्रतिज्ञापत्र दोन प्रतींत छापखान्याला द्यायचे. छापखान्याने त्यातली एक प्रत पत्रकासह जिल्हादंडाधिकाऱ्याकडे पाठवायची. चुकल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

बोलतो कोण आणि पैसा कोणाचा, हे उघड असावे एवढाच यामागचा हेतू. पण हे बंधन पत्रके आणि भित्तिपत्रकांपुरते आहे. बातमीच्या तळाशी अशी ओळ नसते.

त्याचा अर्थ मराठवाड्याला २००९ साली कळला. परतूरहून सेलू, परभणी, पूर्णा ओलांडून रेल्वे नांदेडला जाते. त्या जिल्ह्यातल्या भोकरमधून तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण विधानसभेला उभे होते. मतदान १३ ऑक्टोबरला झाले. त्याआधी त्यांच्या गौरवाची पानेच्या पाने छापून आली. ‘अशोकपर्व’ नावाच्या पुरवण्या निघाल्या आणि प्रतिस्पर्धी दैनिकांत शब्दन् शब्द सारखा मजकूर आला. पी. साईनाथ यांनी ते ‘द हिंदू’तून उघडकीस आणले. चव्हाणांच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये.

तो मजकूर आपण पैसे देऊन छापून घेतला नाही, अशी चव्हाणांची भूमिका होती. पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर आयोगाकडे गेले. हिशेब खरा आहे का, हे तपासण्याचा आयोगाला अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१४ रोजी ठरवले. जुलैमध्ये आयोगाने हिशेब सदोष ठरवला. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पाच वर्षांचा वाद अखेर एकाच जागी अडला: त्या खर्चाला उमेदवाराची संमती होती, हे सिद्ध कसे करायचे?

उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना मात्र आयोगाने २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. हिशेबाबाहेर राहिलेली रक्कम होती २१,२५० रुपये. लहान रकमेवर कारवाई झाली आणि पानेच्या पाने सुटली, असा हा विरोधाभास आहे. माझ्या मते दोष न्यायालयांचा नाही. कायदा पावती मागतो, आणि पैसे घेऊन छापलेल्या बातमीची सगळी किंमत पावती नसण्यातच असते.

२०१० नंतर आयोगाने जिल्हा पातळीवर समित्या नेमल्या. त्यांनी ही अडचण वेगळ्या वाटेने ओलांडली. मजकूर पेड न्यूज ठरला, तर प्रत्यक्ष पैसे दिले की नाही याची वाट न पाहता जाहिरातीच्या सरकारी दराने आकारणी करून ती रक्कम उमेदवाराच्या खर्चात धरायची. वाट चांगली आहे, पण तिची धाव खर्चाच्या वहीपुरतीच. २०१५ मध्ये विधी आयोगाने पेड न्यूज हा निवडणूक गुन्हा करण्याची शिफारस केली. कायद्यात ती अजून उतरलेली नाही.

तालुक्याच्या गावी पत्रक पत्रक म्हणूनच वाचले जाते. लोक हसतात, घडी घालतात, त्यात भजी बांधतात. वर्तमानपत्रातल्या बातमीवर मात्र पारावर चर्चा होते आणि मते बनतात. ज्यावर कोणी फारसा विश्वास ठेवत नाही त्या कागदाला आपण साठ वर्षांपूर्वी नाव-पत्ता लावायला लावला. ज्यावर विश्वास ठेवतो, त्याला अजून लावलेला नाही.