थोरला धाकट्यापुढे वाकतो ते पान

भावंडांनी मायेने राहावं म्हणून हल्ली चित्रांची पुस्तकं खूप मिळतात. आपल्याकडे भरत-बाहुबलींची गोष्ट आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकातच आदिपुराणात सांगितली. चामुंडरायांनी ९८१च्या सुमारास श्रवणबेळगोळला ५७ फुटी मूर्ती घडवली. १९६७ला सुरू झालेल्या अमर चित्र कथेतही पुढे बाहुबली आले.

मुलांना आवडतं ते चक्राचं चित्र! मी मात्र दृष्टियुद्ध, जलयुद्ध भराभर उलटून मल्लयुद्धावर थांबते. बाहुबलींनी भरताला उचललं, पण आपटलं नाही. थोरला म्हणून खांद्यावर घेतलं. जिंकत असताना हात आवरला, हे चार वर्षांच्या पोरालाही कळतं.

पण नेहमी धाकट्यालाच का समजवायचं? आदिपुराणात वर्षभराच्या प्रतिमायोगानंतर चक्रवर्ती भरत स्वतः येऊन धाकट्याची पूजा करतो. आपल्यामुळे भावाला क्लेश झाला, एवढंच शल्य बाहुबलींच्या मनात उरलं होतं. ते गेलं आणि केवलज्ञान झालं. अंगावर चढलेल्या वेली सगळेच चित्रकार काढतात. वाकलेला भरत मला पानभर हवा.