वाट सोडण्याचा नियम

माझा एक मामेभाऊ पुण्याजवळच्या एका गोल्फच्या मैदानावर कॅडीचे काम करतो. खेळणाऱ्याच्या काठ्यांची पिशवी वाहायची, चेंडू कुठे पडला ते ध्यानात ठेवायचे आणि विचारले तरच बोलायचे, असे ते काम. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी सहज त्याच्याबरोबर गेलो. खेळात मला काही गम्य नव्हते. हिरवळ आणि मोर पाहत मी मागून चाललो होतो. एवढ्यात एका गृहस्थांचा चेंडू घरंगळत झुडपाच्या कडेला गेला. तिथे हातभर अंतरावर एक घोणस वेटोळे घालून ऊन खात पडली होती. हातात लोखंडी काठी असलेला माणूस अशा वेळी काय करतो ते मी जन्मभर पाहत आलो आहे. पण ते गृहस्थ दोन पावले मागे सरले, बाजूला जाऊन त्यांनी दुसरा चेंडू खाली टाकला आणि खेळ पुढे चालू केला.

"काय रे, भ्यायले की काय?" मी हळूच विचारले.

"भ्यायचं काय त्यात, दादा? नियमच आहे तसा. जनावर धोक्याचं असलं तर आपण बाजूला व्हायचं. दंड पडत नाही."

संध्याकाळच्या एस.टी.ने मी जुन्नर तालुक्यातल्या माझ्या गावी परतलो. शाळेमागे उसाच्या बांधावर बिबट्यासाठी पिंजरा लावला होता आणि त्यात एक करडू बांधले होते. रात्रभर ते ओरडत होते आणि माझ्या डोक्यात मामेभावाचे ते शेवटचे वाक्य घोळत होते: दंड पडत नाही.

हा नियम माणसाला सुचला तरी केव्हा, ते पाहावे म्हणून मी पुस्तके धुंडाळली. गोल्फचे माहेर स्कॉटलंड. तिथल्या समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर शेती होत नसे; मेंढ्या आणि ससे चरत. त्यांनी कुरतडून आखूड केलेल्या गवतावर लोक चेंडू मारू लागले. म्हणजे या खेळाचे पहिले मैदान माणसाने आखले नाही. जनावरांनी त्याला ते तयार करून दिले. पण उपकार स्मरणे हा माणसाचा स्वभाव नव्हे. सेंट अँड्र्यूज या गावची नगरपालिका १७९७ साली कर्जात बुडाली आणि खेळाची जमीन तिच्या हातून गेली. पुढे ती डेम्पस्टर नावाच्या व्यापाऱ्यांकडे आली. त्यांनी तिथे मांसासाठी आणि कातड्यासाठी ससे पाळले. सशांनी जागोजाग बिळे केली, खेळणारे संतापले आणि वीसएक वर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या. अखेर १८२१ साली जेम्स चीप या खेळाच्या शौकीन जमीनदाराने ती जमीन विकत घेतली, तेव्हा कुठे तंटा मिटला. इतिहासात याला सशांचे युद्ध म्हणतात. ज्यांच्या दातांनी मैदान घडवले, तेच मैदानावरचे चोर ठरले!

हा खेळ साहेबाबरोबर आपल्याकडे आला. १८२९ साली कलकत्त्यास डमडम येथे गोल्फ क्लब निघाला. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना क्लब म्हणून आजही त्याचे नाव घेतात. १८४२ साली मुंबईतही क्लब स्थापन झाला. कलकत्त्याचा क्लब पुढे टॉलीगंज भागात गेला आणि त्या हिरवळीवरचे कोल्हे खेळणाऱ्यांच्या ओळखीचे झाले. पण त्याच काळात साहेबाचा कोल्ह्याशी दुसराही एक संबंध होता. विलायतेत तो शिकारी कुत्र्यांनी खोकडाची शिकार करी; ती हौस इथे कोल्ह्यावर भागवली जाई. उटकमंडच्या वेनलॉक डाऊन्स या गवताळ टेकड्यांवर अशा शिकारीचे तांडे घोडे उधळीत जात आणि गोल्फचे मैदानही त्याच टेकड्यांवर आहे. तेव्हा जनावराला वाट देणे हा काही त्या खेळाचा जन्मजात धर्म नव्हे. तो माणूस सावकाश शिकला.

कसा शिकला? मला वाटते, सोयीने शिकला. खेळ जगभर गेला, तिथे सशांपेक्षा मोठी मंडळी भेटली. आफ्रिकेत युगांडातील जिंजा येथील मैदानावर पाणघोड्याच्या पावलाच्या खड्ड्यात चेंडू अडकला तर तो उचलून घेण्याची सवलत असे. पाणघोड्याशी वाद घालण्यापेक्षा नियम करणे सोपे! हळूहळू ही समज सर्वांसाठी कागदावर आली. २०१९ साली नियमांची नवी मांडणी झाली, तिच्यात सोळाव्या नियमात विषारी साप, डंख करणाऱ्या मधमाश्या, सुसरीच्या जातीचे मोठे प्राणी, अस्वले यांची नावेच घातली आहेत. असे जनावर चेंडूजवळ असेल तर खेळणाऱ्याने सुरक्षित जागी यावे, छिद्राच्या अधिक जवळ न जाता चेंडू टाकावा आणि त्याबद्दल दंड नाही.

नियम वाचून मला प्रथम आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मी तो वर्गात सांगितला. मुले ऐकत होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, पण आमच्या बापूंनी कुठं सरकायचं? पाण्याची पाळी तर रात्रीचीच असती."

मी गप्प झालो. त्या पोराने माझ्या नियमातले मर्म बरोबर पकडले होते.

आमच्याकडे बिबट्या आला त्याचाही इतिहास आहे. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे फिरले आणि जिथे बाजरी डोलत होती तिथे ऊस उभा राहिला. ऊस वर्षभर दाट असतो, पाणी जवळ, वस्तीवर कुत्री, शेळ्या, डुकरे. बिबट्याच्या मादीला पिल्ले वाढवायला याहून चांगली जागा कोणती? १९७२ च्या कायद्याने त्याची शिकार बंद झाली होतीच. मग पिंजरे लावून त्याला धरावे आणि लांबच्या जंगलात सोडावे, असा उपाय २००१ पासून जोरात सुरू झाला. या उपायाचा हिशेब विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे मांडला. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. हलवाहलव सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. ओळखीच्या मुलखातून उपटून परक्या ठिकाणी टाकलेले जनावर बिथरते, आणि त्याची रिकामी जागा दुसरे येऊन धरते. याच अभ्यासकांनी अकोले तालुक्यातल्या शेतीत कॅमेरे लावले, तेव्हा १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ५ बिबटे माणसांच्या शेजारी गुपचूप नांदताना आढळले.

यावरून 'वाट सोडा, निभावेल' असे सांगणे सोपे आहे, आणि पुष्कळसे खरेही आहे. पण ज्याच्या अंगणातून मूल गेले त्या घरी जाऊन हे वाक्य उच्चारण्याची माझी छाती नाही. अशा घरासमोर मी उभा राहिलो आहे. तिथे आकडे तोंडातून बाहेर येत नाहीत.

त्या गोल्फवाल्या गृहस्थांना मी मनात नावे ठेवीत नाही. त्यांनी शहाणपण केले. पण त्यांना मागे सरता आले, कारण मागे जागा होती, खिशात दुसरा चेंडू होता आणि कोणी दंड मागत नव्हते. माझ्या विद्यार्थ्याच्या बापाने मागे सरायचे ठरवले तर ऊस वाळतो. पंपाला वीज रात्री येते, म्हणून तो रात्री बारे द्यायला जातो. हातात बॅटरी, तोंडाने मोठ्याने गाणे. त्याच्या खेळात मागे सरण्याला दंड आहे आणि तो पोटाला बसतो.

म्हणून इतिहासातून मी एवढेच घेतो. जनावराला वाट देण्याची बुद्धी माणसाला होते; पण ती बुद्धी टिकते तेव्हाच, जेव्हा वाट देणाऱ्याचा दंड समाज माफ करतो. दिवसा वीज, शेळ्यांना पक्का बंदिस्त गोठा, वस्तीवर दिवा, घरात संडास आणि नुकसानभरपाई वेळेवर, ही शेतकऱ्याची बिनदंडाची सवलत. दिवसाच्या विजेसाठी २०१७ साली राज्यात सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. ती ज्या शिवारात पोचेल तिथे पिंजऱ्याहून अधिक काम करील, असे मला वाटते.

पुढे पिंजरा उचलला गेला. आत काही सापडले नव्हते. करडू ज्याचे त्याला परत मिळाले. त्या मुलाला मी विचारले, "काय रे, बापूंची पाळी?"

"आज रात्रीची हाये गुरुजी," तो म्हणाला. "म्या जातो संगं. दोघं असलं म्हंजी गाणं मोठ्यानं होतं."