भिंती आणि दारं : लॅन पार्टीच्या जाळ्याची गोष्ट

२००१च्या रमजानमधली गोष्ट. तरावीहची नमाज संपली की मोहल्ल्यातली पोरं घरी न जाता चाचांच्या सायबर कॅफेत जमायची. आठ कॉम्प्युटर, तासाचा दर ठरलेला आणि काउंटर-स्ट्राइकचा खेळ. सगळ्या मशिनी एकाच काळ्या कोॲक्सियल वायरने माळेसारख्या ओवलेल्या होत्या. वायरच्या दोन्ही टोकांना एकेक छोटं टोपण असायचं. त्याला टर्मिनेटर म्हणतात हे नंतर कळलं. एका रात्री टेबलाखाली कोणाचा तरी पाय लागला, टोपण निसटलं आणि आठही जणांचा खेळ एकदम थिजला. चाचा ओरडले, “कौन लात मारा रे?” आठ जणांनी आठ दिशांना बोटं दाखवली. टोपण मला कपाटामागे सापडलं, तोवर सहेरीची वेळ जवळ आली होती.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात राहिला. एकाचा पाय लागला तर आठांचा खेळ का बंद पडावा? आणि आठांची ही गत, तर हजारो लोक आपापला कॉम्प्युटर घेऊन एकाच सभागृहात जमतात तिथे काय होत असेल? अशा मेळाव्यांना लॅन पार्टी म्हणतात. त्यांच्या जाळ्याचा इतिहास वाचताना लक्षात आलं, की माझा टेबलाखालचा प्रश्न हाच त्या इतिहासाचा मुख्य प्रश्न आहे.

सुरुवात हवाई बेटांपासून होते. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या चमूने बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओने जोडली. या जाळ्याचं नाव ‘अलोहानेट’. सगळ्यांना बोलायला वाट एकच. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही बोलणं वाया. मग थोडं थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. हीच कल्पना झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी वायरीवर आणली. २२ मे १९७३च्या टिपणात त्यांनी त्या जाळ्याला ‘इथरनेट’ नाव दिलं आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत ते प्रत्यक्षात उभं केलं. प्रकाश ज्यातून प्रवास करतो असं जुने शास्त्रज्ञ मानत, त्या ईथरवरून हे नाव आलं. आधी ऐका, वाट मोकळी असेल तरच बोला, टक्कर झाली तर थांबा, असा त्याचा शिष्टाचार होता.

आमच्या कॅफेतली वायर याच घराण्यातली. नियमाप्रमाणे तिचा एक तुकडा जास्तीत जास्त १८५ मीटर लांब आणि त्यावर जास्तीत जास्त ३० मशिनी. टोपण निघालं की विजेचा संदेश टोकावर आपटून माघारी फिरतो आणि सगळ्यांचंच बोलणं बिघडवतो. आठ पडदे थिजले ते यामुळे.

१० डिसेंबर १९९३ रोजी टेक्सासच्या ‘इड सॉफ्टवेअर’ने ‘डूम’ हा खेळ प्रसिद्ध केला. चार जण जाळ्यावरून एकमेकांविरुद्ध खेळू शकत. पण पहिल्या आवृत्तीत खेळातला प्रत्येक निरोप ‘ब्रॉडकास्ट’ होता, म्हणजे एकाला सांगायची गोष्ट साऱ्या गावाला ओरडून सांगणं. न खेळणाऱ्या कॉम्प्युटरलाही काम थांबवून तो निरोप तपासावा लागे. विद्यापीठांची आणि कचेऱ्यांची जाळी यामुळे मंदावली आणि अनेक ठिकाणी खेळावर बंदी आली. काही महिन्यांतच नव्या आवृत्तीत ही चूक सुधारली गेली. ओरडण्याचा खर्च ऐकणाऱ्यांवर पडतो, हा धडा मात्र जाळं आखणाऱ्यांच्या कायमचा लक्षात राहिला.

उपाय आधीच बाजारात आला होता. १९९० साली ‘कल्पना’ नावाच्या कंपनीने इथरनेट स्विच विकायला काढला. विनोद भारद्वाज या मूळच्या भारतीय उद्योजकाची ही कंपनी, आणि तिला नाव पत्नीचं. १९९४ साली सिस्कोने ती विकत घेतली. हब हे यंत्र एका वायरीवरचा निरोप सगळ्यांकडे ढकलतं. स्विच मात्र कोण कुठे बसलंय हे लक्षात ठेवतो आणि ज्याचं पत्र त्याच्याच दारात टाकतो. सुरुवातीला हे यंत्र महाग असल्यामुळे पार्ट्यांमध्ये बरीच वर्षं हबच चालले.

पार्ट्या मोठ्या होत गेल्या. १९९६ साली टेक्सासमधल्या गारलंडच्या एका हॉटेलात ‘क्वेक’ खेळणारी मंडळी आपापले कॉम्प्युटर घेऊन जमली, त्यातून ‘क्वेककॉन’ सुरू झालं. स्वीडनमध्ये मालुंग गावच्या शाळेच्या कॅन्टीनमध्ये १९९४ साली ‘ड्रीमहॅक’ सुरू झालं. पुढे ते बोरलेंगेला आणि २००१पासून योनशोपिंगच्या एल्मिया प्रदर्शन केंद्रात भरू लागलं. २००७च्या हिवाळ्यात तिथे १०,५४४ कॉम्प्युटर एका जाळ्यात जोडले गेले आणि गिनीज विक्रमाची नोंद झाली.

या आकड्याची आखणी कशी करायची? आधी वीज. जुना जाड मॉनिटर धरून एका मशिनीला अंदाजे ३०० वॅट मोजा. २३० व्होल्टच्या १० अँपिअरच्या एका लाइनीवर जेमतेम सात मशिनी बसतात. आठवा आला की फ्यूज उडतो आणि सातांचा खेळ जातो. मग वायर. तांब्याची जोडतार १०० मीटरपर्यंतच भरवशाची, त्यापुढे फायबर. ४८ तोंडांचे स्विच धरले तर १०,५४४ मशिनींना किमान २२० स्विच लागतात. ओळीओळीला एक स्विच, ओळींचे स्विच मधल्या स्विचांना आणि ते मुख्य यंत्राला, अशी उतरंड. हे सगळं काही दिवसांत उभं करून चार दिवसांनी मोडायचं. नॉर्वेत हामारला १९९४च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या ‘वायकिंगस्किपेट’ सभागृहात ईस्टरला ‘द गॅदरिंग’ भरतं. तिथेही हे काम स्वयंसेवक करतात. ज्यांनी इज्तेम्याच्या मंडपात खिदमत केली आहे किंवा वारीचा तळ पडताना पाहिला आहे, त्यांना या कामाची जात लगेच ओळखू येईल.

खरी कसोटी पुढे आहे. इथे प्रत्येक पाहुणा अनोळखी यंत्र घेऊन येतो. कोणी गमतीने एकाच वायरीची दोन्ही टोकं जाळ्यात खुपसतो. इथरनेटच्या निरोपाला वयाची मर्यादा नसते, त्यामुळे तो त्या चक्रात फिरत राहतो, वाढत जातो आणि सगळं जाळं गुदमरतं. राडिया पर्लमन यांनी १९८५ साली यावर ‘स्पॅनिंग ट्री’ ही पद्धत शोधली. तिच्यामुळे स्विच एकमेकांशी बोलून जादा वाट आपणच बंद ठेवतात. कोणाच्या विंडोजमध्ये घरचं इंटरनेट वाटून देण्याची सोय चालू राहिलेली असते. ती भोवतालच्या यंत्रांना चुकीचे पत्ते वाटत सुटते. यात खोडसाळपणा नसतो, तरी शेजाऱ्यांचा खेळ बसतो.

म्हणून मोठ्या पार्टीत जाळ्याचे भाग पाडतात. एका भागात साधारण २५४ पत्ते. एका भागातलं ओरडणं आणि एका भागातली चूक त्याच भागात राहते. पण इथे एक पेच आहे. त्या काळचे खेळ शेजारचा सर्व्हर शोधायला ब्रॉडकास्टच वापरत. भिंत घातली की पलीकडच्या ओळीत बसलेला दोस्त पडद्यावरून नाहीसा. एकत्र यायला आलेली माणसं वेगळी पडली. त्यामुळे चांगली आखणी भिंतीपाशी थांबत नाही. दोन भागांमध्ये राउटर हवा, कोणता सर्व्हर कुठे आहे याची यादी सर्वांसमोर हवी, म्हणजे पत्ता टाकून पलीकडे जाता येतं.

२०१० साली आलेल्या ‘स्टारक्राफ्ट २’मध्ये लॅनवरून खेळण्याची सोयच ठेवली नव्हती. शेजारी बसलेल्या दोघांनाही कंपनीच्या दूरच्या सर्व्हरमार्फत खेळावं लागलं. तेव्हापासून सभागृहातल्या जाळ्याइतकंच बाहेर जाणारं इंटरनेट महत्त्वाचं झालं.

चाचांचा कॅफे कधीच बंद झाला. आमच्या शहरातल्या वस्त्यांमध्ये मात्र या काळात भिंती वाढल्या. त्या शांततेसाठी असतात, असं सांगितलं जातं. लॅन पार्टीचं जाळं आखणारी पोरंही भिंती घालायची, एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना नको म्हणून. पण दाराची जागा ठरवल्याशिवाय ती भिंत घालत नव्हती. आमच्याकडे दाराचं काम कोणी अंगावर घेतलेलं मला अजून दिसलेलं नाही.