निंबोळी अर्क: कणगीतून सोयाबीनच्या शेतात

धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी. फवारणीसाठी मात्र हे झाड उशिरा ओळखले गेले. सुदानमध्ये १९५९ साली टोळधाडीने सारी हिरवळ फस्त केली, पण कडुनिंबाला तोंड लावले नाही. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटरर यांनी ते टिपले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रयोगांतून, १९६२ मध्ये, निंबोळीच्या गराचे पाणी फवारलेले पीक टोळ खात नाहीत हे दिसले. पुढे १९६८ मध्ये त्यातले अ‍ॅझाडिरॅक्टिन हे प्रभावी द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते अळीला तत्काळ मारत नाही. तिची खाण्याची इच्छा घालवते, कात टाकणे बिघडवते. झटपट परिणाम पाहण्याची सवय लागलेल्या शेतकऱ्याचा त्यावर विश्वास बसायला म्हणूनच वेळ लागला.

विदर्भ-मराठवाड्यात १९८० नंतर सोयाबीन पसरले, तशा उंटअळी आणि तंबाखूवरील पाने खाणारी अळीही वाढल्या. त्यांच्यासाठी पाच टक्के अर्काची शिफारस रुळली: पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवायचा, गाळून थोडा साबण मिसळायचा आणि एकूण १०० लिटर द्रावण करायचे. खोडात शिरलेल्या खोडमाशीच्या अळीवर हा अर्क फारसा चालत नाही. पानावरच्या अळ्या लहान असतानाच, उन्हे उतरल्यावर तो फवारावा.