प्राध्यापक आंबेडकर आणि आपला रुपया

एप्रिल महिना आला की आमच्या मुलुंडच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर एक मेसेज हमखास फिरतो. ‘रिझर्व्ह बँक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केली.’ कुणी भक्तिभावाने मान डोलावतो, कुणी ‘काहीतरीच’ म्हणतो, आणि चहा येईपर्यंत वाद चालतो. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवल्यामुळे मला दोन्ही बाजूंना मान हलवता येत नाही. म्हटले, एकदा नीट लिहूनच काढावे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बाबासाहेब रिझर्व्ह बँकेच्या कोणत्याही खुर्चीवर कधी बसले नाहीत. बँक झाली ती १९३४ च्या कायद्याने, आणि तिचे काम सुरू झाले १ एप्रिल १९३५ रोजी. पण म्हणून त्यांचा या विषयाशी संबंध नव्हता असे म्हणणे हे त्याहून मोठे अज्ञान ठरेल.

बाबासाहेबांनी आधी शिकवले ते अर्थशास्त्र. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून पैसे साठवून आणि शाहू महाराजांची मदत घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायचा होता. तिथे एकाच वेळी दोन आघाड्या! एकीकडे बॅरिस्टरीचा अभ्यास, दुसरीकडे रुपयावरचा प्रबंध. हा प्रबंध १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने पुस्तकरूपात आला. प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची. त्या प्रस्तावनेत गुरूंनी शिष्याशी असलेला मतभेद उघड सांगितला आहे आणि तरीही पुस्तकाचे स्वागत केले आहे. शिक्षक म्हणून मला हे फार आवडते.

आता पुस्तकात आहे काय? सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करतो.

१८९३ पर्यंत कुणीही चांदी घेऊन टाकसाळीत जावे आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत अशी सोय होती. त्या वर्षी सरकारने ती बंद केली. पुढे रुपयाची किंमत पौंडाशी बांधली गेली. एक रुपया म्हणजे एक शिलिंग चार पेन्स. नाण्यातली चांदी कमी किमतीची, पण शिक्का सरकारचा! मग असे रुपये किती पाडायचे? ते सरकारने आपल्या मर्जीने ठरवायचे. केन्ससारख्या मोठ्या अर्थतज्ज्ञाने या व्यवस्थेचे कौतुक केले होते. लंडनमध्ये शिकणाऱ्या आपल्या या विद्यार्थ्याने मात्र विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, चलन वाढवणे ज्याच्या मर्जीवर आहे, तो ते आज ना उद्या जास्त वाढवणारच. माणूस चांगला की वाईट, हा प्रश्न नाही. मर्यादा नियमानेच घालून द्यायला हवी.

आणि मर्यादा नसली तर भुर्दंड कुणाला? पुस्तकाचा हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुपयाचा दर घसरत गेला, तेव्हा माल परदेशी पाठवणाऱ्यांची अक्षरशः चांदी झाली. लोक म्हणू लागले, देशाचा फायदा झाला. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा आला कुठून? भाव वाढले, पण मजुरी त्या वेगाने वाढली नाही. म्हणजे पैसा बाहेरून आला नाही, तो आपल्याच मजुराच्या ताटातून गेला. एका वर्गाचा फायदा म्हणजे देशाचा फायदा नव्हे.

पगारावर संसार केलेल्या कुणालाही हे वेगळे समजावून सांगायला नको. महागाई भत्त्याचा हप्ता जाहीर होऊन हातात पडेपर्यंत डाळीचा भाव आणखी पुढे गेलेला असतो!

१९२५ साली हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली चलनाचा विचार करायला शाही आयोग नेमला गेला. बाबासाहेबांनी त्याच्यापुढे लेखी निवेदन दिले आणि साक्षही दिली. आयोगाने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. पहिले विधेयक बारगळले, मग १९३४ चा कायदा आला. साक्षी पुष्कळांच्या झाल्या होत्या, आणि अशी बँक असावी हा विचारही त्याआधीपासून होता. शिवाय बाबासाहेबांचा रोख नवी संस्था काढण्यापेक्षा चलन वाढवणाऱ्याचे हात बांधण्यावर होता. म्हणून ‘स्थापन केली’ हा शब्द बरोबर नाही. ‘पाया घालणाऱ्या चर्चेतला एक भक्कम आवाज’ हे खरे.

याच काळात ते कायदा शिकवू लागले. १९२५ पासून एका खाजगी संस्थेत व्यापारी कायदा, १९२८ मध्ये सरकारी लॉ कॉलेजात अध्यापन, आणि जून १९३५ मध्ये त्याच कॉलेजचे प्राचार्यपद. रिझर्व्ह बँक सुरू होऊन दोनच महिने झाले होते! हा नुसता योगायोग, पण मला त्यात अर्थ दिसतो. अर्थशास्त्राचे आंबेडकर आणि कायद्याचे आंबेडकर असे दोन कप्पे आपण करतो. प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच आहे. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला आवरायचे कसे?

१९४९ साली घटना समितीत हाच प्रश्न पुन्हा दिसतो. सरकारच्या कर्जावर संसदेला कायद्याने मर्यादा घालता यावी, अशी तरतूद घटनेत आली. आजचे कलम २९२ ते हेच. सरकारी खर्च तपासणारा महालेखापरीक्षक हा घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी, असे बाबासाहेब तिथे म्हणाले होते. त्याच वर्षी बँकांवर देखरेखीचा कायदाही झाला. तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते आपले रोह्याचे चिंतामणराव देशमुख आणि देशाचे कायदामंत्री होते बाबासाहेब. पुढे १९५० मध्ये चिंतामणराव अर्थमंत्री झाले आणि दोघे एकाच मंत्रिमंडळात बसले.

हे सगळे जुने झाले, असे म्हणाल तर आपल्या उपनगरांकडे पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये भांडुपला मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची मुभा होती! त्यानंतर, २०२० साली, ठेवींचे विमा संरक्षण एक लाखावरून पाच लाख झाले आणि सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेला जास्त अधिकार देणारी दुरुस्तीही झाली. नियम आले, पण म्हाताऱ्या माणसांनी रांगा लावल्यानंतर.

२०१६ सालचा एक बदल मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. महागाई चार टक्क्यांच्या आसपास, फार तर दोन टक्के इकडेतिकडे, ठेवण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेवर टाकली गेली. सलग तीन तिमाही हे जमले नाही तर बँकेने सरकारला कारणे लेखी कळवायची. २०२२ मध्ये तशी वेळ आलीही.

बाबासाहेबांनी सुचवलेला सोन्याचा उपाय काळाच्या ओघात मागे पडला. १९३१ मध्ये खुद्द इंग्लंडनेच सोने सोडले. उपाय जुने होतात, प्रश्न होत नाहीत. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर त्यांचा हा प्रश्न पाठवावा. रुपया घसरतो तेव्हा नेमका कुणाच्या ताटातला घास कमी होतो?