संसदीय प्रश्न व ब्रिटिश आरोग्यसेवा

ग्रेट ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील कर्मचारीसंख्या आणि दीर्घकाळ आजारी असलेल्यांची शुश्रूषा यांबाबत लोकप्रतिनिधींनी शासनास वेळोवेळी विचारलेल्या प्रश्नांचा इतिहास. ही सेवा १९४६ च्या अधिनियमान्वये ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तिचा खर्च मुख्यतः राष्ट्रीय कोषातून होणार असल्याने आरोग्यमंत्री तिच्या कारभाराबद्दल संसदेस जबाबदार ठरला. ट्रेडीगरच्या रुग्णालयात मलपात्र खाली पडले, तरी त्याचा आवाज व्हाइटहॉलमध्ये घुमला पाहिजे, अशा आशयाची उक्ती तत्कालीन आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या नावावर सांगितली जाते. ती अस्सल असो वा नसो, संसद-सदस्यांनी ती शब्दशः घेतली, असे म्हणण्यास हरकत नाही. परिचारिकांअभावी बंद राहिलेल्या खाटांविषयीचे प्रश्न पहिल्या वर्षांपासूनच कॉमन्स सभेत येऊ लागले.

या उत्तरदायित्वास मात्र प्रारंभीच एक मर्यादा पडली होती. वार्धक्यामुळे वा दुर्बलतेमुळे निगा लागणाऱ्यांच्या निवासाची जबाबदारी १९४८ च्याच राष्ट्रीय साहाय्य अधिनियमाने स्थानिक शासनसंस्थांकडे सोपविली आणि तेथील आकार रहिवाशाच्या ऐपतीप्रमाणे घेण्याची तरतूद केली. रुग्णालयात विनामूल्य मिळणारी शुश्रूषा निवासगृहात सशुल्क झाली. पक्षाघाताने अंथरुणास खिळलेली वृद्ध व्यक्ती रुग्ण समजावी की निराधार, हा केवळ शब्दांचा वाद नव्हता. तिचे राहते घर विकले जाणार की नाही, हे पुढे त्यावरच अवलंबून राहिले.

मनुष्यबळाचे अंदाजही चुकले. विलिंक समितीने १९५७ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांची संख्या घटविण्याची शिफारस केली. त्यानंतर लवकरच डॉक्टरांची टंचाई जाणवू लागली. ती मोठ्या प्रमाणात भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी भरून काढली. ब्रिटिश पदवीधर सहसा ज्यांकडे वळत नसत, त्या वृद्धरोगचिकित्सा व मानसोपचार या शाखांत त्यांचे प्रमाण विशेष होते. दीर्घकालीन रुग्णांची सेवा ही अशा रीतीने दुर्लक्षित शाखांच्याच वाट्यास आली.

त्या दुर्लक्षाचे स्वरूप कार्डिफ येथील ईली रुग्णालयाच्या चौकशीतून उघड झाले. जेफ्री हाऊ यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९६९ मध्ये मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी संसदेपुढे ठेवला. रुग्णांना मिळालेली वाईट वागणूक, खाटांची दाटी आणि कर्मचाऱ्यांची वाण या गोष्टी त्यात परस्परांशी निगडित असल्याचे दिसले. त्यानंतर रुग्णालयांची पाहणी करणारी सल्लागार सेवा स्थापन झाली.

आरोग्यसेवेविरुद्धच्या तक्रारींसाठी १९७३ मध्ये नेमलेला आयुक्त संसदेस अहवाल सादर करी. मेंदूस गंभीर इजा झालेल्या एका रुग्णास लीड्समधील रुग्णालयातून खाजगी शुश्रूषागृहात पाठवून खर्चाचा भार कुटुंबावर टाकण्यात आला होता. १९९४ च्या अहवालात आयुक्ताने आरोग्य प्राधिकरणास दोषी ठरविले. शासनाने १९९५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. परंतु निकष जागोजाग वेगळेच राहिले. निवासाच्या अनुषंगाने लागणाऱ्या किरकोळ शुश्रूषेपलीकडची शुश्रूषा आरोग्यसेवेचीच जबाबदारी होय, असा निर्णय अपील न्यायालयाने १९९९ मध्ये डेव्हनमधील एका खटल्यात दिला. इंग्लंडभर लागू होणारा समान आराखडा त्यानंतरही २००७ पर्यंत आला नाही.

सत्ताविभाजनानंतर (१९९९) स्कॉटलंड व वेल्समधील आरोग्यविषयक प्रश्न तेथील विधिमंडळांत विचारले जाऊ लागले. स्कॉटलंडमध्ये २००२ पासून ६५ वर्षांवरील व्यक्तींना वैयक्तिक निगा विनामूल्य मिळू लागली. वेल्समध्ये कर्स्टी विल्यम्स यांनी मांडलेल्या खाजगी सदस्य-विधेयकातून २०१६ मध्ये परिचारिकांच्या संख्येविषयीचा अधिनियम झाला. संख्या ठरवून ती राखण्याचे त्याचे कठोर बंधन प्रथम प्रौढांच्या तीव्र आजारांच्या वैद्यकीय व शस्त्रक्रिया-कक्षांपुरतेच लागू करण्यात आले. दीर्घकालीन रुग्ण येथेही बाहेरच राहिले. स्कॉटलंडच्या २०१९ च्या अधिनियमात निगासेवांचाही समावेश असून तो एप्रिल २०२४ मध्ये अंमलात आला.